मागचं डावं चाक

आईचा आवाज जाडाभरडा होता. ती गाणं म्हणायला लागली की शेजारच्यांना वाटायचं, या घरात पुन्हा भांडण पेटलं. पण आप्पांच्या जीपमध्ये मागच्या फळीवर, एका मांडीशी थोरली आणि दुसऱ्या मांडीशी धाकटा घेऊन बसली, की त्याच आवाजाला साय धरायची. गाडी वळणाला लागली की ती पोरांच्या पाठीवर थोपटत म्हणायची,

डाव्याला वळता गाडी, उजवं चाक रडे,
ज्याच्या अंगावर भार, त्याचंच हाड झडे.
उजव्याला वळता गाडी, डावं चाक बोले,
भार ज्याने सोसला, त्याचेच डोळे ओले.

पुढे बसलेले आप्पा मान न वळवता म्हणायचे, "चाकं कसली रडतात? रडगाणी तुझी." आई गप्प व्हायची. पण पुढचं वळण आलं की तिचे ओठ हलायचेच.

इतक्या वर्षांनी तो आवाज थोरलीच्या कानात आला, तेव्हा धाकटा तिच्या घराचं दार लाथेने तोडत होता.

हाक मारली असती तर तिने कडी काढली असती. पण त्याला उघडलेलं दार नको होतं, तोडलेलं हवं होतं. तिसऱ्या का चौथ्या लाथेला कडी चौकटीतून उपटून आली आणि दार भिंतीवर आपटलं. धाकटा उंबऱ्यात उभा होता. हातात चाकांचे नट खोलायचा लांब पाना. मिशीत पांढरे केस आले तरी सगळे त्याला धाकट्याच म्हणायचे, आणि तोही ओ द्यायचा. दार तोडून आलेल्या त्या माणसाने चपला मात्र बाहेर काढल्या. सवय होती.

"दाजी कुठे आहेत?"

"बस तरी."

त्याने पाना फिरवला. भिंतीवरचा आरसा गेला, फळीवरचे कप गेले, एकाच फटक्यात. मग तो त्याच काचांवरून अनवाणी आत चालत गेला. आतली खोली पाहिली, मोरी पाहिली, पलंगाखाली वाकून पाहिलं. परत आला तेव्हा फरशीवर त्याच्या डाव्या पायाचे लाल ठसे उमटत होते. त्याला त्याचं काही नव्हतं.

"त्यांचे दोन्ही हात मोडायचेत मला, ताई. आधी उजवा. हातोडी धरतात तो."

दाजी, त्यांचे, धरतात. एवढ्या रागातही त्याचं आदराचं बोलणं सुटलं नव्हतं. थोरलीला हसू आलं, पण क्षणभरच. कारण हा माणूस जे बोलतो ते करतो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. आप्पाही असेच होते. आप्पांनी सांगून मारलं नाही असं कधी झालं नव्हतं, एकदाच सोडून.

घडलं होतं ते असं. गेल्या आठवड्यात आप्पांच्या जीपचं मागचं डावं चाक उतारावर निखळलं. चाक एकटंच पुढे धावत गेलं आणि जीप रस्त्यावर कूस बदलल्यासारखी आडवी झाली. आप्पांचा पाय दाराखाली सापडला. डॉक्टरांनी तो गुडघ्याखाली कापला. आप्पा आता दवाखान्यात होते, घशात नळी, डोळे कधी उघडे कधी मिटलेले. बोलणं नाही.

चाक निखळलं ते बेअरिंग झिजून गेल्यामुळे, हे तर कुणीही सांगितलं असतं. प्रश्न एवढाच होता की दोनच दिवस आधी याच जीपचं बेअरिंग बदललं होतं. पण मागच्या उजव्या चाकाचं. बदललं होतं ते आप्पांच्याच गॅरेजच्या फिटरने, म्हणजे थोरलीच्या नवऱ्याने.

"मी डावं म्हणालो होतो," धाकट्याने सगळ्यांना सांगितलं होतं. दवाखान्याच्या पायरीवर, गॅरेजच्या फाटकात, चहाच्या टपरीवर. "दाजींनी उजवं उघडलं. लक्ष कुठे होतं त्यांचं, त्यांनाच विचारा."

आणि सगळ्यांनी मान डोलावली. कारण धाकट्याचा कान. लांबलांबून लोक नुसता तो कान घ्यायला गाड्या आणायचे. आप्पांचे स्वतःचे कान हातोड्यांच्या दणक्यांनी कधीच विझले होते, पण मुलाचा कान हा त्यांच्या गॅरेजचा झेंडा होता. गाडी दुसरं कुणी चालवायचं, धाकटा शेजारी डोळे मिटून बसायचा आणि बोटानेच दाखवायचा, आता इकडे वळव, आता तिकडे. मग डोळे न उघडता निकाल द्यायचा. पुढचं उजवं. मागचं डावं. गॅरेजचा नियम आप्पांनी घालून दिलेला होता: कान बोलला की हाताने विचारायचं नाही. कान सांगेल तेच चाक फिटरने उघडायचं, जुनं बेअरिंग काढायचं, नवं ठोकायचं. चाक हाताने फिरवून खात्री करून घेताना एकदा एक कामगार सापडला, तर आप्पांनी त्याची बोटं जॅकखाली धरली होती. दाबली नाहीत. नुसती धरली.

"मला उजवं सांगितलं गं," नवरा त्या रात्री थोरलीला म्हणाला होता. "मी उजवं उघडलं. आतलं बेअरिंग हाताला लोण्यासारखं फिरलं. मला कळलं की हे खराब नाही. पण विचारायचं कुणाला, आणि कसं?"

थोरलीने नवऱ्यावर विश्वास ठेवला होता. आणि भावावरही. दोन्ही एकदम खरं कसं असेल, हे मात्र तिला उमगत नव्हतं. जिवाला लागलेलं हे कोडं घेऊन ती रोज पहाटे बेकरीची व्हॅन काढायची, दुकानादुकानांत पाव टाकायची आणि परत यायची.

"दाजी भंगारवाल्याच्या आवारात आहेत," धाकटा म्हणाला. "आप्पांच्या जीपपाशी. मला कळलंय. तू नाही सांगितलंस तरी मी जाणारच."

"मग मी नेते."

"किल्ली दे. मी जातो."

"व्हॅन बेकरीची आहे आणि परवाना माझा आहे. चालवणार मी. बसायचं तर बस, नाहीतर जा चालत, तसाही पाय फाटलाय."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग पाना खांद्यावर टाकून खाली उतरला. चपला तिथेच राहिल्या.

तो जाणारच होता. आपण बरोबर असलो तर निदान मध्ये पडता येईल, एवढाच तिचा विचार. मध्ये पडणं तिला येत होतं. ती आयुष्यभर या घरात मध्येच पडत आली होती. तिच्या डाव्या मनगटाचं हाड अजून थंडीत दुखायचं, ते अशाच एका मध्ये पडण्याचं.

व्हॅनमध्ये पावाचा वास होता. रिकामे लोखंडी ट्रे मागे खडखडत होते. धाकटा तिच्या डावीकडे बसला, पाना मांडीवर आडवा घेऊन, आणि त्याच्या पायाचं रक्त रबरी चटईच्या खाचांतून हळूहळू पुढे सरकू लागलं.

चौकात एक रिक्षावाला आडवा आला. धाकट्याने खिडकीतून अर्धा देह बाहेर काढून पाना त्याच्या काचेवर घातला. काच एकदम पांढरी झाली, धुक्यासारखी, आणि आतला माणूस दिसेनासा झाला. थोरलीने गाडी पुढे दामटली.

"हे काय?"

"आडवा आला."

"उद्या मी आडवी आले तर?"

"तू येऊ नकोस."

सिग्नलपाशी तिने मुद्दाम वेग कमी केला. तेव्हा त्याने तिची वेणी धरली आणि डोकं मागच्या पत्र्यावर आपटलं. फार जोरात नाही. आप्पांनी कामगाराची बोटं जॅकखाली धरली होती, तसं. "चालव," तो म्हणाला. तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने ब्रेक कचकचून दाबला. धाकट्याचं कपाळ समोरच्या फळीवर आदळलं, भुवई फुटली.

"चालवतेच आहे," ती म्हणाली.

भुवईतून ओघळ निघाला. त्याने तो बाहीने पुसला आणि का कोण जाणे, थोडा हसला. लहानपणी मारामारी बरोबरीत सुटली की तो असाच हसायचा.

गाव मागे पडलं. मोठा सरळ रस्ता लागला आणि व्हॅनने वेग धरला. तेव्हा तो आवाज वर आला.

आठवडाभर येतच होता तो. आधी नुसता घुमारा, बंद खोलीत भुंगा सापडावा तसा. मग वेगाबरोबर चढत जाणारी घरघर. तिने गिअर काढून गाडी मोकळी सोडून पाहिली होती, इंजिन शांत झालं तरी घरघर तशीच. म्हणजे चाक. आणि कुठलं चाक, तेही तिला ठाऊक होतं. त्याच सकाळी पाव टाकून आल्यावर तिने चारही चाकांना हात लावून पाहिला होता. तीन कोमट. मागचं डावं तव्यासारखं तापलेलं. नवऱ्याला सांगायचं राहूनच गेलं.

ट्रे खडखडत होते, घरघर चढत होती. धाकट्याची मान किंचित कलली. रागाने पेटलेला माणूस, पण धंदा अंगात मुरलेला. डोळे आपोआप मिटले.

"बेअरिंग गेलंय तुझं," तो म्हणाला.

"कुठलं?"

"वळव जरा."

"कुठे वळवू? दोन्हीकडे ट्रक आहेत."

"मग राहू दे."

"असं कसं? तुझा कान आहे. सरळ ऐकून सांग की."

तिने त्याच्याकडे पाहिलं. पान्यावरची त्याची बोटं पांढरी पडली होती.

"मागचं," तो म्हणाला. "उजवं."

तिने ऐकलं आणि आधी तिला नुसतं आश्चर्य वाटलं. ज्या चाकाची घरघर त्याच्या स्वतःच्या बाजूने, त्याच्याच पाठीमागून येत होती, ते सोडून त्याने तिच्या बाजूचं चाक सांगितलं होतं.

"नक्की?"

"सांगितलं ना."

"आप्पांनीही वळवली नव्हती ना त्या दिवशी गाडी?"

"आप्पा कधी वळवतात?" त्याचा आवाज एकदम पोरसवदा झाला. "म्हटलं, जरा वळवा, तर म्हणाले, वळवून बहिरा ऐकतो. माझा पोरगा सरळ ऐकतो. बाहेरगावचा एक गाडीवाला मागे बसला होता, त्याला दाखवायचं होतं त्यांना."

"मग?"

"मग काय. सांगितलं मी."

"काय सांगितलंस?"

"डावं सांगितलं." पाना तिच्या बरगड्यांना टेकला, थंड, बोथट. "सगळ्यांना माहिती आहे काय सांगितलं ते. रस्त्याकडे बघ."

ती रस्त्याकडे बघत राहिली. पण रस्ता तिला दिसत नव्हता. तिला दिसत होती उशी.

पांढऱ्या अभ्र्याची उशी आणि तिच्यावर रुपयाएवढा डाग. धाकटा तेव्हा एवढासा. आप्पांनी मागितलेला पाना सोडून भलताच दिला, एवढाच गुन्हा. त्या एका वेळी आप्पांनी सांगितलं नाही, बोलले नाहीत, वाकल्या वाकल्या उघड्या पंजाचा तडाखा दिला, डाव्या कानावर. पोर गाडीखालच्या तेलात पडलं आणि बराच वेळ उठलं नाही. रात्री कानातून रक्त आलं. सकाळी आप्पा त्याच्या पुढ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "ऐकू येतंय ना रे? मिस्त्रीच्या पोराला कान नसला तर तो भंगारात घालायचा." आणि धाकटा त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत म्हणाला, "येतंय. नीट येतंय."

सगळ्यांनी मानलं. थोरलीनेही.

आता एकेक गोष्ट आपली आपण येऊन पुढ्यात बसू लागली. धाकटा कधीच गाडी चालवत ऐकत नाही. कायम डाव्या सीटवर, म्हणजे बोलणारा माणूस उजवीकडे. झोपायचा तो उजव्या कुशीवर, आणि मग शेजारी बँड वाजला तरी उठायचा नाही. लग्नात त्याने नवरीला हट्टाने उजवीकडे बसवलं होतं, सगळे हसले होते. एका कानाच्या माणसाला आवाज सगळे एकाच बाजूने येतात. वळवून पाहिलं तर आवाज कमीजास्त होतो, त्यावरून तो चाक ओळखू शकतो, आयुष्यभर ओळखत आला. पण सरळ रस्त्यावर त्याच्यासाठी चाकं दोनच होती, पुढचं उजवं आणि मागचं उजवं.

आणि वळवून ऐकायला त्याला शिकवलं कुणी?

आईचं ते गाणं तिला किती जुनं वाटायचं, जन्मापासूनचं. पण त्या आधी आई पोपटाची, चांदोबाची गाणी म्हणायची. चाकांचं गाणं नंतरचं. जीपच्या फळीवर आईच्या मांडीशी बसलेला धाकटा, आणि आई पहिल्यांदा ते म्हणतेय, डाव्याला वळता गाडी. त्या पहिल्या आठवणीतच धाकट्याच्या कानात कापूस होता.

आईला माहीत होतं. आपल्या माणसापुढे तोंड उघडायची तिची छाती नव्हती. म्हणून तिने पोराला लपायला एक जागा बांधून दिली होती, चार ओळींची.

"रडतेस कशाला?" धाकटा म्हणाला. "नवऱ्याचा हात अजून शाबूत आहे."

"आईची आठवण आली."

"आत्ता?"

"चाकाच्या आवाजाने."

त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. घरघर त्याच्या डाव्या कानाशी घुमत होती, आणि त्या कानात पोचत नव्हती.

भंगाराचं आवार रस्त्याच्या कडेलाच होतं. मेलेल्या गाड्यांचे ढीग, मध्ये गंजलेली वाट. भंगारवाल्याने पाना पाहिला आणि निमूट आपल्या टपरीचं शटर खाली ओढलं. आप्पांची जीप शेवटी होती, दार चेपलेलं, सीटवर अजून काळे डाग. तिच्या मागच्या डाव्या बाजूला फिटर गुडघे टेकून बसला होता. चाक नव्हतंच तिथे. जळून निळं पडलेलं तोंड होतं लोखंडाचं, आणि त्यातून तो बेअरिंगचे तुकडे पकडीने एकेक बाहेर काढत होता. छर्रे चणे भाजावेत तसे काळे, फुटके. शेजारच्या फडक्यावर दुसरं बेअरिंग ठेवलेलं होतं, त्या दिवशी उजव्या चाकातून काढलेलं जुनं, अखंड, ग्रीस लावलेलं.

फिटरने वर पाहिलं. गॅरेजमध्ये तो धाकट्याला तुम्ही म्हणायचा, घरी तू. आता तो उठता उठता म्हणाला, "ये. बघ हे. फिरवून बघ एकदा हाताने."

पाना त्याच्या खांद्यावर बसला. ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. फिटर एका गुडघ्यावर आला, पण पडला नाही. दुसरा फटका मांडीवर. मग तो पडला.

"धाकट्या," थोरली ओरडली आणि मध्ये घुसली. कोपर तिच्या तोंडावर आलं. ओठ दातांत फाटला, तोंडभर लोखंडाची चव पसरली. ती पत्र्याच्या ढिगावर जाऊन आदळली. उठून पुन्हा आली. त्याने तिला पायाने ढकललं, त्याच फाटक्या पायाने, आणि तिच्या साडीवर त्याच्या तळव्याचा पुरता ठसा उमटला.

फिटरनेही आता हात उचलला. त्याने मूठभर माती आणि लोखंडाचा कीस धाकट्याच्या डोळ्यांत फेकला, त्याच्या पोटात डोकं घातलं. दोघे जीपच्या पत्र्यावर आपटले, खाली आले, एकमेकांचे गळे धरून काचांतून लोळले. पण फिटरचा एक खांदा मोडलेला होता. बघता बघता धाकटा त्याच्या छातीवर बसला. त्याने फिटरचा उजवा हात ओढून जमिनीवर पडलेल्या ब्रेकच्या ड्रमवर ठेवला, पंजा उघडा, आणि मनगटावर गुडघा रोवला. पाना दूर उडाला होता. त्याने फिटरचाच हातोडा उचलला.

"सांगा, मी काय म्हणालो होतो?"

फिटर धापा टाकत होता. "उजवं."

"पुन्हा सांगा."

"उजवं म्हणालास. मारलंस तरी उजवंच."

"डावं म्हणा. एकदा म्हणा, हात सोडतो."

थोरलीला कळलं की भाऊ हात मोडायला आलेलाच नाही. हा तो एक शब्द मिळवायला आलाय. आणि तो मिळाला नाही तर हात मोडणार, मग दुसरा मोडणार, आणि मग जे काही मोडता येईल ते. नवराही म्हणणार नाही. हट्टी. हातोडा वर गेला.

पाना तिच्या पायाशीच पडला होता. तिने तो उचलला. धाकट्याची पाठ तिच्याकडे होती, मानेवरचे पांढुरके केस घामाने चिकटलेले. एक फटका पुरला असता. आप्पांच्या लेकीला तो मारता आला असता, तिच्या हाताला ते ठाऊक होतं, हात तापला होता. क्षणभर तिने तो खरंच उचलला.

मग तिने पाना टाकला. वाळूत पडला, आवाज झाला नाही.

ती भावाच्या डाव्या बाजूला गुडघ्यांवर बसली. इतकी जवळ की तिचा श्वास त्याच्या कानाला लागला. त्याने माशी उडवावी तशी मान झटकली. आणि ती त्या कानात म्हणाली, हळू पण स्पष्ट, घरातल्या घरात बोलावं तसं,

"धाकट्या, आप्पा गेले."

खाली पडलेल्या फिटरचे डोळे मोठे झाले. त्याची धडपड थांबली. तोंड उघडंच राहिलं.

धाकट्याचा हातोडा वरच होता. "म्हणा," तो फिटरला म्हणाला. "बघताय काय? डावं म्हणा."

"आप्पा गेले?" फिटर म्हणाला.

"काय?"

"आप्पा गेले? कधी?"

"कोण म्हणालं?"

"ताई म्हणाल्या ना तुझ्या." वेदनेतही तो बायकोचा असा नात्याने आडून उल्लेख करून गेला. "आत्ता. तुझ्या कानाशी बसून."

धाकट्याने मान वळवली. डाव्या बाजूला, इतक्या जवळ की तिच्या फाटक्या ओठाचं रक्त त्याच्या गालाला लागावं, बहीण बसलेली होती. ती कधी आली हेच त्याला माहीत नव्हतं.

हातोडा वर होता तिथेच राहिला. वारा जुन्या पत्र्यांतून शीळ घालत गेला.

"काय म्हणालीस?" त्याने विचारलं.

"तू सांग. कानाशी बसून बोलले."

त्याचे डोळे तिच्या ओठांवर गेले. तसेच, त्या सकाळी आप्पांच्या ओठांवर गेले होते तसे.

"आप्पा जिवंत आहेत," थोरली म्हणाली. "मी खोटं बोलले. पण तू थांबला नाहीस. बाप गेला हे ऐकून जो थांबत नाही, तो एकतर राक्षस असतो, नाहीतर..." पुढचं ती बोलली नाही. ते बोलणं तिचं नव्हतं.

"गप," तो म्हणाला. "गप राहा." एक क्षण असा होता की तो हातोडा तिच्यावरही आला असता. तिने तो येताना पाहिला. तो वळला, तिच्या चेहऱ्याच्या उंचीवर आला, आणि ती हलली नाही.

"चाकांचं गाणं आईने आधी कधीच म्हटलं नव्हतं," ती म्हणाली, त्याला दिसेल असे ओठ हलवत, सावकाश. "तुझ्या कानात कापूस होता तेव्हा म्हणायला लागली. माझ्यासाठी नव्हतं ते. मी नुसती मांडीच्या दुसऱ्या बाजूला बसले होते."

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. फुटक्या भुवईचं रक्त डोळ्यात उतरत होतं आणि त्याला पापणीही मिटता येत नव्हती.

"आईला?" त्याने विचारलं. "आईला माहीत होतं?"

तिने मान डोलावली.

"मला वाटायचं मीच शोधून काढलं," तो म्हणाला. "वळवून ऐकायचं. मला वाटायचं, कुणालाच माहीत नाही."

हातोडा त्याच्या हातून जीपच्या पत्र्यावर पडला, दणकन. फिटर दचकला, थोरली दचकली. धाकटा हातोडा पडला त्या बाजूला न बघता, भलतीकडेच, उजवीकडे वळून बघू लागला, तो दणका तिकडून आल्यासारखा. तिथे काही नव्हतं. नुसती मोकळी वाट होती.

मग तो फिटरच्या छातीवरून उतरला. मनगटावरचा गुडघा काढला. ड्रमवर उघडा पडलेला तो पंजा त्याने दोन्ही हातांत घेतला, बोटं एकेक करून मिटवली, अगदी सांभाळून, जसा तो एखादा नाजूक सुटा भाग बसवायचा. फडक्यावरचं अखंड बेअरिंग त्याच्या गुडघ्याशी होतं. त्याने ते उचललं, बोटावर घालून फिरवलं. ते फिरत राहिलं, बराच वेळ, कसलाही आवाज न करता.

"मला या कानाने ऐकू येत नाही, ताई," तो म्हणाला. "कधीच आलं नाही. त्या दिवसापासून." मग फिटरकडे वळला, आणि त्याला तोंड वर करून बघायचं धैर्य होईना, म्हणून त्या फिरणाऱ्या लोखंडाकडे बघतच म्हणाला, "दाजी, मी उजवं म्हणालो होतो."